शब्दचर्चा : मोह जिंकला, आवरला की सुटला? (प्रत्येक मजकुराच्या डोक्यावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

मिरज जंक्शन

उपवासकाळासाठी (ईस्टरआधीचे चाळीस दिवस) आमच्या मंडळीची, म्हणजे चर्चची, छोटी पुस्तिका निघतेय. त्यात काही साक्षी छापायच्या आहेत. (बाहेरच्यांसाठी: ही साक्ष कोर्टातली नव्हे. देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते चारचौघांत उभं राहून सांगायचं, ती साक्ष.) त्यातली एक रेल्वेतून रिटायर झालेल्या एका काकांची आहे. दारू आणि मटका, दोन्ही. पगाराच्या दिवशी घरी पोचेपर्यंत निम्मा खिसा रिकामा. मी त्यांचं बोलणं मोबाईलवर घेतलं आणि जसंच्या तसं उतरवलं. त्यांचं वाक्य असं होतं: "दारू म्या न्हाई सोडली. मला तिच्यातनं सोडीवलं."

मजकूर तपासणाऱ्यांनी त्याचं केलं, 'ख्रिस्तावरील विश्वासाच्या बळावर मी मोहावर विजय मिळवला.' काकांना वाचून दाखवलं, तर म्हणाले, "ह्यो कोण म्हणायचा?"

तर विचारायचं असं की 'मोह' या शब्दाला मराठीत कुठलं क्रियापद शोभतं? जिंकणे, आवरणे, टाळणे, सुटणे? आणि मोह, परीक्षा, भुरळ, नाद यांत नेमका फरक काय? पुस्तिका छपाईला जायची आहे, म्हणून जरा लवकर सांगा.

हळदपेठ

'मोहावर विजय' हे सत्कार समारंभातलं मराठी. घरात असं कोण बोलतं? 'मोह आवरला' म्हणा आणि मोकळे व्हा.

वाईचा घाट

'आवरला' बरोबर आहे, पण तो जिलेबीच्या मोहाला. काकांच्या गोष्टीला तो शब्द अपुरा पडेल. का ते सांगतो.

संस्कृतात 'मुह्' म्हणजे गोंधळणे, भान हरपणे. मोहाचा एक अर्थ चक्क मूर्च्छा असाही आहे. षड्रिपूंची यादी आठवा: काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर. हवंसं वाटण्याला तिथं काम आणि लोभ असे दोन शब्द आधीच हजर आहेत. मग मोह वेगळा का मोजला? कारण तिथं मोह म्हणजे हाव नव्हे. खरं काय आणि खोटं काय हे कळेनासं होणं, तो मोह. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातली साखळी बघा. विषयांचं चिंतन, त्यातून आसक्ती, मग काम, मग क्रोध, मग संमोह, आणि शेवटी स्मृती आणि बुद्धी दोन्हींचा नाश. संमोह बराच खाली येतो.

आजच्या मराठीत अर्थ सरकला. साताऱ्यात स्टँडवर उतरल्यावर कंदी पेढ्यांचा 'मोह' होतो, तेव्हा कुणाचंही भान हरपलेलं नसतं. पण जुना अर्थ पुरता मेलेला नाही. मटक्याचा आकडा लावणाऱ्याला 'आज लागणारच' असं जे आतून वाटतं, तो जुना मोह. आणि त्या अर्थानं 'मोह जिंकला' हे वाक्य लंगडं पडतं. ज्याचं भानच गेलंय तो जिंकणार कसा? त्याला कुणीतरी शुद्धीवर आणावं लागतं.

बोगद्यापलीकडे

आणि मोहाच्या फुलांची दारू? काकांना दोन्ही मोह लागू पडतात की!

वाईचा घाट

तो मोह 'मधूक'वरून आला, घराणंच निराळं. आणि तसलं झाड आपल्याकडं शोधत फिराल तर दारूआधी पाय दुखतील.

पोवई नाका

वाईकर, तुमच्या 'शुद्धीवर आणावं लागतं' यावरून आठवलं. उधळ्या पुत्राची गोष्ट बायबलात, लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात आहे. मुलगा वाटणी घेऊन परदेशी जातो, सगळं उडवतो, डुकरं राखायची पाळी येते, आणि मग मराठी शास्त्रात (बायबलला आम्ही शास्त्र म्हणतो) शब्द येतो 'शुद्धीवर'. त्याला पश्चात्ताप झाला, अक्कल आली, असं तिथं म्हटलेलं नाही. तो शुद्धीवर आला. भाषांतरकारांनी हा शब्द घेतला तेव्हा मोहाचा जुना अर्थ त्यांच्या कानात असणार असं मला नेहमी वाटतं.

आता 'परीक्षा'बद्दल. मी साताऱ्यात शाळेत शिकवते, आणि रविवारी संडे स्कूलही घेते. प्रभूच्या प्रार्थनेत आपण म्हणतो, 'आम्हांला परीक्षेत आणू नकोस. तर आम्हांला वाइटापासून सोडव.' मार्च महिन्यात पोरं ही ओळ इतक्या जोरात म्हणतात की बाकीची प्रार्थना त्यापुढं पुटपुटल्यासारखी वाटते. एकानं तर मला विचारलं, "टीचर, मग देवानं बोर्डाची परीक्षा रद्द का नाही केली?" हसण्यावारी नेलं, पण प्रश्न शब्दाचाच आहे. मूळ ग्रीकमध्ये एकच शब्द आहे, पेइरास्मोस. कस लागणं हाही त्याचा अर्थ आणि भुलवणूक हाही. मराठीत ते दोन शब्दांत फुटलं. जिथं कस लागतो तिथं 'परीक्षा', जिथं माणूस ओढला जातो तिथं 'मोह'. याकोबाच्या पत्राचा पहिला अध्याय वाचा, दोन्ही शेजारी शेजारी सापडतील. आशय असा की परीक्षा होत असताना 'देवानं मला मोहात घातलं' असं कुणी म्हणू नये. माणूस आपल्याच वासनेनं ओढला जातो, वासना गर्भार राहते आणि पापाला जन्म देते.

इब्री लोकांस पत्रात तिसराच शब्द: येशू सर्व प्रकारे आपल्याप्रमाणे 'पारखलेला' होता, तरी निष्पाप राहिला. पारखणे हा सोनाराचा शब्द, आणि तिथं तो अगदी चपखल बसलाय.

भुरळ, नाद वगैरेंबद्दल मी मुलांना सांगते ते असं. भुरळ बाहेरून पडते. मोह आत होतो. चटक लागते ती चाखल्यावर. आणि नाद लागला की मग माणसाची संध्याकाळ त्याची राहत नाही. पापाची गोष्ट तिसऱ्या पायरीवर सुरू होते असं लोक समजतात. याकोब दुसऱ्या पायरीशीच बोट ठेवतो.

हळदपेठ

टीचर, म्हणजे मोह होणं हेच पाप?

पोवई नाका

नाही. येशूलाही अरण्यात मोह घातला गेला. धोंड्यांच्या भाकरी कर म्हणून. चाळीस दिवस उपाशी माणसापुढं भाकरीची गोष्ट काढणं ही काही किरकोळ भुरळ नव्हे. त्यानं वचनानं उत्तर दिलं, मनुष्य केवळ भाकरीनं जगणार नाही. मोह झाला, पाप झालं नाही. मोह झाला म्हणून स्वतःला कोसत बसणारी माणसं मी पाहिलीयत, आणि त्या कोसण्यातच ती पुन्हा पडतात.

कुंडलचं मैदान

मी ख्रिस्ती नाही, पण गावात तालीम आणि शेजारी चर्चला जाणारं घर, त्यामुळं कानावर पडलेलं सांगतो. शेजारच्या काकू रोज सकाळी मोठ्यानं शास्त्र वाचायच्या. त्यात एकदा आलं, 'सैतानाच्या डावपेचांपुढे टिकाव धरता यावा'. मी तेव्हा तालमीत जायचो. 'डावपेच' ऐकून थांबलोच भिंतीपाशी. म्हटलं सैतान पण लाल मातीतला दिसतोय.

काकूंना विचारलं तर त्यांनी पुढचं वाचून दाखवलं, आपलं झगडणं रक्तमांसाबरोबर नाही. आता कुस्ती ज्यानं केलीय त्याला 'टिकाव धरणे' म्हणजे काय ते विचारा. समोरचा वजनानं दुप्पट असला तर तुम्ही त्याला चीतपट करायचं स्वप्न बघत नाही. खडाखडी चालू असते. तुम्ही पाय रोवता, मान देत नाही, लांगेला हात लावू देत नाही. पाठ लागू द्यायची नाही, एवढंच बघायचं. बाहेरचे ओरडत असतात 'मार की, मार की', आणि आतला बिचारा फक्त उभा राहायला धडपडत असतो. म्हणून मला 'विजय मिळवला'पेक्षा 'टिकलो' जवळचं वाटतं. काकांना विचारा, ते 'टिकलो' म्हणतील का.

पोवई नाका

पैलवान, तुम्ही नकळत मूळ शब्दावरच बोट ठेवलंत. इफिसकरांस पत्रात त्या जागी ग्रीकमध्ये जो शब्द आहे, 'पाले', त्याचा अर्थच कुस्ती. मराठीत 'झगडणे' झालं, पण 'डावपेच' शब्दानं मातीचा वास राखला.

व्याकरणाचा नाद

इतका वेळ सगळे नामावर भांडताय. मला मिरजकरांच्या काकांचं क्रियापद जास्त मोलाचं वाटतं. शांतपणे बघा.

मराठीत आपण 'मी मोह केला' म्हणत नाही. 'मला मोह झाला.' भूक लागते, राग येतो, झोप येते, तसा मोह होतो. माणूस 'मला' असतो, 'मी' नसतो. मोह ही गोष्ट माणसावर येऊन आदळते हे आपल्या व्याकरणानं कधीच मान्य केलंय. टीचर म्हणतात तेच: मोह झाला हा गुन्हा नव्हे.

पुढची पायरी पाप. इथं मराठी माणूस फार चलाख. 'माझ्या हातून पाप घडलं.' 'माझ्याकडून चूक झाली.' हात जणू शेजाऱ्याचा आणि पाप आपोआप घडणारी वस्तू. आणखी एक पळवाट, 'पाप लागलं'. जसा चिखल लागतो. मग धुतलं की गेलं. दर बारा वर्षांनी कन्यागतात (गुरू कन्या राशीत येतो तेव्हा) वाईला कृष्णेवर गर्दी लोटते, त्यामागं ही 'लागलं-धुतलं'ची भाषा आहेच. (श्रद्धेला नावं ठेवत नाही, क्रियापदाबद्दल बोलतोय.)

ख्रिस्ती उपासनेत मात्र पापांगीकाराची प्रार्थना असते. तिथं सगळे मिळून म्हणतात, आम्ही विचारानं, शब्दानं, कृतीनं पाप केलं आहे. घडलं नव्हे, केलं. 'मला'चा 'मी' झाला. कर्ता उघडा पडला.

आणि तिसरी पायरी सुटकेची. तिथं 'मी' पुन्हा मागं सरतो. रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायात पौल आधी म्हणतो, जे चांगलं करावंसं वाटतं ते मी करत नाही, आणि जे वाईट नको वाटतं तेच करतो. तिथं सगळीकडं 'मी, मी'. आणि मग हात टेकून, 'किती मी कष्टी माणूस!' आणि त्यालाच जोडून, मला कोण 'सोडवील'? मी कसा सुटेन असं विचारत नाही. कोण सोडवील, असं विचारतो.

मोह मला होतो, पाप मी करतो, आणि सोडवतो दुसरा. काकांनी हीच तीन पदं त्यांच्या बोलीत एका दमात म्हटली. तपासणाऱ्यांनी सगळीकडं 'मी' बसवला आणि साक्षीचा सत्कार करून टाकला.

बोगद्यापलीकडे

हे छान आहे, पण मला एक खटकतं. 'सोडवलं' म्हटलं की माणूस हात झटकून मोकळा. उद्या पुन्हा प्यायला तर म्हणणार, अजून सोडवलं नाही देवानं. आमच्या गल्लीत असे दोघे आहेत. दर महिन्याला सुटतात.

मिरज जंक्शन

हा प्रश्न काकांनाच विचारला होता मी. त्यांचं उत्तर पुस्तिकेत नाही, कारण तपासणाऱ्यांना ते 'आध्यात्मिक' वाटलं नाही. ते म्हणाले, आधी रस्ता बदलला. स्टेशनावरून घरी येताना गुत्ता लागायचा, तो रस्ता सोडला, लांबचा धरला. पगाराचं पाकीट न फोडता बायकोच्या हातात. आणि संध्याकाळी सात वाजता, म्हणजे पूर्वी ज्या वेळी बसायचे त्याच वेळी, पाळकसाहेबांच्या घरी जाऊन बसायचं. प्रार्थना झाली तर झाली, नाहीतर नुसता चहा. काही दिवस तिथं बसून फक्त हात थरथरायचे, कप बशीवर वाजायचा. पाळकीणबाईंनी मग बशी देणंच बंद केलं, पेल्यात चहा द्यायला लागल्या.

मी म्हटलं, काका, हे सगळं तर तुम्हीच केलंत की. तर म्हणाले, "मी पळालो फक्त. धरलं त्यानं."

पोवई नाका

बोगदेवाले, तुमच्या शंकेला हेच उत्तर. शास्त्रात माणसाला मोहापुढं जी क्रियापदं दिलीयत ती बघा. 'पळ काढा', हे करिंथकरांस पत्रात जारकर्माबद्दल. योसेफानंही तेच केलं, पोटीफराच्या बायकोच्या हातात वस्त्र टाकून पळाला. उभं राहून वाद घातला नाही. गेथशेमाने बागेत येशू शिष्यांना सांगतो, 'जागृत राहा आणि परीक्षेत पडू नये म्हणून प्रार्थना करा'. आणि लगेच, आत्मा उत्सुक आहे खरा, तरी देह अशक्त आहे. याकोब म्हणतो सैतानाला अडवा, म्हणजे तोच पळेल. पळणं, जागणं, अडवणं, टिकणं. माणसाला कामं भरपूर आहेत. कृपा म्हणजे सुट्टी नव्हे, हे आमच्याकडंही प्रत्येक पिढीला नव्यानं सांगावं लागतं.

'विजय' अजिबात नाही असंही नाही हां. रोमकरांस आठव्या अध्यायात 'महाविजयी' असा मोठा शब्द आहे. पण तिथंही त्याला शेपूट जोडलंय, 'ज्याने आपल्यावर प्रीती केली त्याच्या योगे'. ते शेपूट कापलं की सत्कारच उरतो.

शिवाय एक शब्द इथं अजून कुणी काढला नाही, 'निभावणे'. पहिल्या करिंथकरांसच्या दहाव्या अध्यायात आहे: देव तुमची परीक्षा तुमच्या शक्तीपलीकडं होऊ देणार नाही, तर परीक्षेबरोबर तिच्यातून निभावण्याचा उपायही करील. 'निभाव लागणे' किती आपला शब्द आहे! दुष्काळात निभाव लागतो, सासरी निभाव लागतो. पैलवानांच्या 'टिकलो'चा हा सख्खा भाऊ. मला विचाराल तर काकांच्या वाक्याला शीर्षक द्यायचं झालं तर 'निभाव लागला' द्या. वाक्याला मात्र हात लावू नका.

हळदपेठ

पटलं. 'आवरला' मागं घेतो. म्हणजे मोह आवरला म्हणायचा.

वाईचा घाट

एक जोड देतो, 'प्रायश्चित्त'. धर्मशास्त्रात पाप ज्याचं, प्रायश्चित्त त्याचं. कृच्छ्र, चांद्रायण ही व्रतं पाप्यानं स्वतः करायची. मराठी शास्त्रात, योहानाच्या पहिल्या पत्रात, ख्रिस्तच आपल्या पापांबद्दल प्रायश्चित्त आहे असं म्हटलंय. शब्द तोच, पण कर्ता बदलला. आमच्या वाईत प्राज्ञपाठशाळेनं धर्मकोशाचं काम केलं, विश्वकोशही इथूनच निघाला, त्यामुळं अशा शब्दांशी आमची लहानपणापासून ओळख. दोन परंपरांत एकच शब्द असा उलटा फिरताना बघून गंमत वाटते. पंक्तीतला शेजारी अचानक यजमान निघावा तसं.

आणि छपाईला देताय तर 'पश्चाताप' तेवढं सुधारा. पश्चात् अधिक ताप, दोन त लागतात: पश्चात्ताप. तुमच्या मागच्या वर्षीच्या पुस्तिकेत, मला एकानं दाखवली होती, मुखपृष्ठावरच एक त कमी होता.

मिरज जंक्शन

नोंद केली. तो त माझ्या हातून घडला नाही, मीच खाल्ला.

व्याकरणाचा नाद

वाईकरांनी परंपरांची गोष्ट काढली म्हणून. हे शब्दांचं येणंजाणं जुनं आहे. गोव्यातले इंग्रज मिशनरी फादर स्टीफन्स यांचं 'ख्रिस्तपुराण' १६१६चं, ओवीबद्ध, आणि त्यात वैकुंठ आहे, मुक्ती आहे. साताऱ्याशी नातं सांगायचं तर रेव्हरंड ना. वा. टिळक. १८९५ साली बाप्तिस्मा, बरीच वर्षं नगरला मिशनमध्ये, आणि १९१७मध्ये ते बाजूला होऊन साताऱ्याला आले. 'देवाचा दरबार' त्यांनी उभा केला तो तेव्हाचा, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांचा. १९१९ला ते गेले. अभंग, ओवी, कीर्तन सगळं त्यांनी ख्रिस्ताच्या पायाशी नेलं, आणि भाषा कुठं परकी वाटली नाही. साक्षींचं मराठी असं का होत नाही, असा प्रश्न मला पडतो. बोलताना माणूस टिळकांच्या जवळचं बोलतो, छापताना शासन निर्णयाच्या.

बोगद्यापलीकडे

शेवटची एक शंका. काल तुमच्या चर्चपाशी बोर्ड वाचला, त्यावर 'पुष्कळांच्या मुक्तीसाठी आपला प्राण खंडणी म्हणून' असं काहीतरी होतं. खंडणी? आमच्याकडं खंडणी मागितली की पोलीस येतात.

वाईचा घाट

साताऱ्यात राहून खंडणीचा हा एकच अर्थ? मराठेशाहीच्या कागदांत चौथाई, सरदेशमुखी, खंडणी यांची रेलचेल आहे. ठरलेली रक्कम भरून मुलूख किंवा माणूस मोकळा करून घ्यायचा, ती खंडणी. मार्कच्या शुभवर्तमानातला अर्थ तो. पेपरांनी शब्द गुंडांच्या हवाली केला, त्याला शास्त्र काय करणार?

पोवई नाका

आमच्याकडं तरुण मुलांना हे दर वेळी समजावावं लागतं. काही जण आता 'मुक्तीचं मोल' वगैरे म्हणतात. मला ते बेचव वाटतं. खंडणीत एक गोष्ट आहे जी मोलात नाही: ती भरायची वेळ आली म्हणजे माणूस कुणाच्या तरी ताब्यात आहे. मिरजकर, काकांच्या साक्षीत हा शब्द असेल तर ठेवा. नसेल तर मुद्दाम घालू नका.

मिरज जंक्शन

साक्षीत नाही. पण काका मटक्याच्या उधारीबद्दल सांगताना म्हणाले होते, "माझ्या नावावरची वही कुणीतरी फाडली." तपासणाऱ्यांनी तेही काढून 'माझ्या पापांची क्षमा झाली' केलं होतं. वही परत आत घेतोय. बोली तशीच, 'न्हाई' आणि 'सोडीवलं'सकट. कंसात प्रमाण मराठी द्यायची गरज आहे का?

कुंडलचं मैदान

कशाला? सांगलीत कुणाला कळणार न्हाई ते?